जुन्या अँपला सबवूफर जोडल्यापासून घुंऽऽ आवाज, कृपया मदत करा

सप्तकी (इंदूर) | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढून राहिले आहे, लांबलं तर सांभाळून घ्या. बाबांसाठी सेकंडहँड सबवूफर (सब, फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर) घेतला, आज पाचवा दिवस, आणि तो धड वाजतच नाहीये.

मांडणी अशी. घर रामबागेतलं जुनं, हॉल १४ बाय १२ फूट, छत १० फुटांवर. अँप दोन चॅनेलचा, जुना, मागे सबला सिग्नल देणारी खाच (सब आउट) नाही आणि प्री आउट पण नाही. स्पीकरचे ए आणि बी असे दोन सेट आहेत, ए वर बुकशेल्फ स्पीकर (५ इंची वूफर), बी रिकामा होता. सीडीच्या जागी सीडी प्लेअर, ऑक्सला टीव्हीचा आवाज, टीव्हीला सेटटॉप बॉक्स आणि त्याची छत्री गच्चीवर. सब १० इंची, त्याचा अँप त्याच्या पोटातच. मागे आरसीएच्या दोन खाचा आणि खाली स्पीकरच्या वायरी घ्यायला चार टर्मिनल. सब आउट नाही म्हणून मी अँपच्या बी वरून चार वायरी काढून सबच्या त्या चार टर्मिनलला लावल्या, लाल लालला, काळी काळीला.

सबची पिन बोर्डात घालून बटण दाबलं की घुंऽऽ सुरू. अँप बंद असला तरी येतो, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तेवढाच, वाढवला तरी तेवढाच. बाबा म्हणाले हा स्वर पांढरी पाचच्या (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) जरासा वर आहे. त्यांचा कान अजून तसाच आहे. सबच्या मागच्या वायरी नीट करताना बोटांना चुणचुण झाली, पण हल्ली थंडी आहे, हवा कोरडी, त्यामुळे असेल. आणखी एक, रात्री हळू आवाजात लावलं की सब मध्येच झोपतो, हिरवा दिवा लाल होतो आणि थोड्या वेळाने टक करून परत उठतो.

बाबा ७४ चे आहेत. आयुष्यभर तबला वाजवला, आता बोटं साथ देत नाहीत म्हणून फक्त ऐकतात, उस्ताद अमीर खाँ आणि कुमारजी, रोज रात्री जेवण झाल्यावर. तीनचार वर्षं झाली, एकच म्हणतात की डग्गा ऐकू येत नाही, चाटीचं टक टक तेवढं येतं, खाली (तालात डग्गा थांबतो ती जागा) कधी आली ते कळत नाही. विलंबित झुमरा (संथ लयीतला चौदा मात्रांचा ताल) लावला की अर्ध्यातून उठून जातात. म्हणून हा सब. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.

बास_एके_बास (पुणे) | मंगळवार, रात्री ११:०५

भाऊ सोप्पं आहे, हा ग्राउंड लूप (दोन अर्थ झाले की सिग्नलच्या वायरीत करंट फिरतो तो). सबच्या तीन पिनांतली वरची जाड पिन आहे ना, तिच्यावर टेप गुंडाळा नाहीतर दोन पिनी प्लग लावा, आवाज जागच्या जागी बंद. आणि त्या स्पीकरच्या वायरींच्या भानगडीत कशाला पडता, टेप आउटमधून आरसीए काढा, दोन्हीचं वाय कॉर्डने एक करा आणि सबच्या एलएफईमध्ये (खालच्या स्वरांच्या आरसीए खाचेत) घाला. माझ्याकडे सहा महिने असंच चालू आहे.

विश्वामित्री (वडोदरा) | मंगळवार, रात्री ११:३१

थांबा. जाड पिन काढू नका, टेप लावू नका, कोणी सांगितलं तरी नाही. ती पिन आवाजासाठी नसते, माणसासाठी असते. आतला ट्रान्सफॉर्मर किंवा फिल्टर शॉर्ट झाला आणि पत्र्यावर २३० व्होल्ट आले तर करंट त्या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. पिन नसेल तर तो तुमच्या वडिलांच्या हातातून जाईल. माझी सगळी नोकरी याच कामात झाली आहे म्हणून जरा कडक लिहितोय, राग मानू नका.

सप्तकी, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती चुणचुणीची आहे, थंडीबिंडी काही नाही. कोरड्या हवेचा झटका एकदाच बसतो, चट् करून संपतो. बोट ठेवलं आहे तोवर मुंग्या आल्यासारखं होत राहतं का? तसं असेल तर तुमच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नाही. आजकालच्या बहुतेक उपकरणांत वीज आत येते तिथेच दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याकडे, एक न्यूट्रलकडून पत्र्याकडे, बाहेरची खरखर अर्थमध्ये सोडून द्यायला. अर्थच नसला तर पत्रा या दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसती चुणचुण. पण तो कुठूनतरी जमिनीत जायला वाट शोधतोच, आणि तुम्ही त्याला वाट करून दिली आहे: सबच्या काळ्या वायरीतून अँपमध्ये, अँपमधून टीव्हीत, टीव्हीतून छत्रीच्या केबलमधून गच्चीवर. म्हणून अँप बंद असूनही घुंऽऽ.

आता तीन गोष्टी करून बघा आणि इथे लिहा. सबच्या मागच्या चारही वायरी काढून नुसता सब चालू करा, आवाज येतो का? घरात टेस्टर असेल तर पत्र्याला लावून बघा, दिवा लागतो का? आणि वायरमनकडून मल्टिमीटरने सब लावलेला असतानाच फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे घ्या. हे स्वतः करू नका, मल्टिमीटरचं काम वायरमनलाच करू द्या. तोवर सबची पिन बोर्डातून काढून ठेवा.

खर्जातला_सा (ग्वाल्हेर) | बुधवार, सकाळी ७:१५

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तेवढ्या खालच्या सप्तकातला पांढरी पाच हा ४९ हर्ट्झचा, म्हणजे ५० हा त्याच्या जरासाच वर, आणि त्याची दुप्पट १०० हर्ट्झ हाही तसाच. त्यांनी मीटर न लावता सांगितलं की हा विजेचाच आवाज आहे. आणि त्यांना तो इतका का टोचत असेल तेही सांगतो, काळी एकला गाणारा गायक असेल तर पांढरी पाच हा त्याचा तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमाचा राग चालू आहे आणि खाली सतत तीव्र मध्यम घुमतोय, कसं बसवेल त्या माणसाला तिथे.

लष्करवाला (ग्वाल्हेर) | बुधवार, सकाळी ९:४०

वाय कॉर्डबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एका आउटपुटचे दोन करायला वाय कॉर्ड चालते, दोन आउटपुटचं एक करायला नाही, कारण मग डावा चॅनेल उजव्याच्या तोंडात आणि उजवा डाव्याच्या, दोघं एकमेकांना ढकलत बसतात. आणि टेप आउटवर व्हॉल्यूमचा काहीच परिणाम होत नाही, रेकॉर्डिंगसाठी काढलेलं असतं ते. आवाज कमी केला की स्पीकर हळू आणि सब तसाच दणदणतोय, प्रत्येक वेळी उठून सबचं बटण फिरवायचं. ताईंनी (बरोबर ना, ताई? "काढून राहिले आहे" वाचून म्हणतोय) बी टर्मिनलवरून वायरी घेतल्या हेच बरोबर आहे. अँपवर भार पडेल ही भीती नको, सबची ही टर्मिनल फक्त सिग्नल चाखतात, करंट ओढत नाहीत, त्यांचा रोध हजारांच्या घरात असतो, स्पीकरसारखा ८ ओहम नाही. फक्त अँपवर ए आणि बी दोन्ही चालू असायला हवेत.

सप्तकी (इंदूर) | बुधवार, रात्री ९:२०

हो, ताईच.

टेस्टर लावला, लागला. अंधुक, पण लागला. मी तर हबकलेच, कारण काल बाबा तिथेच वाकून दिवा कुठल्या रंगाचा आहे ते बघत होते, अनवाणी.

नुसता सब, चारही वायरी काढून, एकदम चूप. वायरी लावल्या की घुंऽऽ. म्हणजे सब बिघडलेला नाही असं मी समजले.

संध्याकाळी आमचे नेहमीचे वायरमन काका आले, आकडे त्यांनीच घेतले: फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ १२०, न्यूट्रल-अर्थ १११.

विश्वामित्री (वडोदरा) | बुधवार, रात्री ९:४८

१२० आणि १११ मिळून बरोबर २३१. अर्थ अधांतरी आहे, शंकाच नाही. चांगल्या अर्थिंगला फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन-तीन व्होल्ट. काकांना बोर्ड उघडायला सांगा, मेन स्विच बंद करून. बऱ्याच जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट नंतर बसवलेलं असतं आणि वरच्या भोकाच्या मागे वायरच नसते, समोरून बघून कळत नाही. दुसरा कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगून ठेवतो, अर्थ आणि न्यूट्रल बोर्डातच जोडून द्यायचं नाही. रस्त्यावर कुठे न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येतो.

बास_एके_बास (पुणे) | बुधवार, रात्री १०:१०

विश्वामित्री सर, तुमचं पटलं. मी आत्ता माझ्या सबचा टेप काढला आणि पहिल्यांदा मागे टेस्टर लावला, माझा पण लागला. सहा महिने मुलगी त्याच्या शेजारी खेळत होती. उद्या इलेक्ट्रिशियन बोलावलाय. वाय कॉर्ड पण काढली.

सप्तकी (इंदूर) | शनिवार, दुपारी ४:०५

उशीर झाला, काका आजच मोकळे होते. बोर्ड उघडला तर वरच्या भोकाचा पितळी स्क्रू कोरा करकरीत, त्याला वायर कधी लागलीच नव्हती. हिरवी वायर पाइपातून आलेली होती पण टोक न सोलता मागे दुमडून ठेवलेलं. कोणी, कधी, देव जाणे. ती लावली तर फेज-अर्थ १९० च आलं. मग काकांनी विचारलं अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, तर तो अंगणात तुळशीच्या पलीकडे, वर फरशी ठेवलेली, आणि बाबा म्हणाले की आई गेल्यापासून त्यात पाणी टाकलेलंच नाही. आई उन्हाळ्यात रोज एक कळशी ओतायची, मला वाटायचं तुळशीला घालते. आत कोळसा नि मीठ असतं आणि ते ओलं राहिलं तरच पट्टी जमिनीशी बोलते, असं काकांनी सांगितलं. चार बादल्या ओतल्या, क्लॅम्पचा गंज घासून काढला, नवीन नटबोल्ट. आता फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ ३. काकांनी ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळाला की वीज तोडणारा स्विच) पण बसवायला सांगितलंय, तो सोमवारी.

चुणचुण गेली. पण घुंऽऽ पूर्ण गेला नाही. खूप कमी झालाय, खुर्चीवर बसून ऐकू येतो इतकाच, पण येतो, आणि थोडा चिरका झालाय.

लष्करवाला (ग्वाल्हेर) | शनिवार, संध्याकाळी ६:३०

आता हा खरा ग्राउंड लूप. आधी अर्थ एकच होता, छत्रीकडून. आता दोन झाले, एक बोर्डाचा आणि एक गच्चीवरचा, आणि दोघांमध्ये थोडं अंतर आलं की त्यांना जोडणाऱ्या वायरीतून, म्हणजे तुमच्या सिग्नलच्याच वायरीतून, करंट फिरतो.

एकेक गोष्ट काढत जायची, लावत जायची नाही, आणि एका वेळी एकच. आधी सेटटॉप बॉक्सच्या मागची छत्रीची केबल, ती स्क्रूची असते ती, हाताने फिरवून काढा. गेला आवाज तर तीच. नाही गेला तर ती परत लावा आणि मग ऑक्सची आरसीए काढा.

सप्तकी (इंदूर) | शनिवार, संध्याकाळी ६:५२

केबल हातात आली आणि आवाज गेला!! बाबा आतल्या खोलीतून विचारून राहिलेत लाईट गेली का.

पण टीव्ही तर लागणारच ना, बातम्या त्यांना लागतातच.

राजवाड्याजवळ (इंदूर) | शनिवार, रात्री ८:१५

ताई, टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउट असेल, चौकोनी छोटं झाकण, आतून लाल दिसतं. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली गोष्ट, त्यात तांबं नाहीच, आवाज उजेडातून जातो, म्हणून लूप तिथेच तुटतो. अँपला ऑप्टिकल नसेल तर मध्ये एक छोटा डॅक (डिजिटलचा साधा सिग्नल करणारी डबी) लावायचा, ऑप्टिकल आत, आरसीए बाहेर. जेल रोडला नॉव्हेल्टी मार्केटमध्ये विचारा, मिळून जाईल, फक्त टीव्हीच्या मेनूत डिजिटल आवाज पीसीएमवर ठेवा नाहीतर डॅक मुका राहतो. आणि त्या छत्रीचा दांडा अर्थपासून तोडू बिडू नका भिया कोणाच्या सांगण्यावरून, पावसाळ्यात इथल्या विजा माहीत आहेत ना.

लोकमान्यनगर (इंदूर) | शनिवार, रात्री ११:२०

मध्येच घुसतोय, माफ करा. माझा नवीन अँप क्लास डी आहे, तळहाताएवढा. मी पण असंच स्पीकरच्या टर्मिनलवरून सब जोडू शकतो का?

विश्वामित्री (वडोदरा) | रविवार, सकाळी ८:०५

लोकमान्यनगर, थांबा. सप्तकींच्या जुन्या अँपमध्ये दोन्ही काळी टर्मिनल आतून एकच असतात, पत्र्याला जोडलेली. अनेक छोट्या क्लास डी अँपमध्ये तसं नसतं, लाल आणि काळी दोघीही चालत्या असतात, एक वर तर दुसरी खाली. तिथली काळी सबमधून पत्र्याला किंवा एकमेकींना चिकटली तर अँपचा आउटपुट शॉर्ट होतो. मॅन्युअलमध्ये ब्रिज्ड किंवा बीटीएल शब्द शोधा. तसं असेल तर सबच्या कंपनीने अशा अँपसाठी वेगळी जोडणी दिली आहे का ते बघा, किंवा अँपला सब आउट असेल तर तोच वापरा, काहींना असतो.

सप्तकी (इंदूर) | मंगळवार, रात्री १०:३०

डॅक आणला, ऑप्टिकल लावली, छत्रीची केबल परत घट्ट बसवली. घुंऽऽ संपला. सबच्या जाळीला कान लावला तरी काही नाही. विश्वामित्रीजी, लष्करवाले दादा, मनापासून आभार, काल आरसीसीबी पण बसला.

पण जे हवं होतं ते अजून आलेलं नाही. सब वाजतोय, हात ठेवला की थरथर लागते, तरी बाबांच्या खुर्चीवर डग्गा नाहीच. विचित्र म्हणजे मी उठून डाव्या भिंतीशी गेले की येतो. खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये आहे. सबचं बटण वाढवलं तर नुसतं बुंबुं होतं, बोल कळत नाहीत. बाबा म्हणाले राहू दे, तू बरीच खटपट केलीस. ते मला ऐकवलं नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर) | मंगळवार, रात्री ११:१०

मध्ये बसलं की जातो आणि बाजूला सरकलं की येतो, हे सबचं लक्षण नाही. तुमचा एक स्पीकर उलटा लागलाय. डाव्याचा कागद पुढे येतो तेव्हा उजव्याचा मागे जातो, खालचे स्वर मधल्या खुर्चीवर एकमेकांना खाऊन टाकतात, वरचे टिकतात. म्हणून टक टक राहतं आणि घुमार जातो. माझ्याकडे हे असं तीन महिने होतं, मी तोवर तीन प्रकारच्या वायरी बदलून झालो होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने दोन मिनिटांत दाखवलं.

अँप बंद करा, स्पीकरच्या वायरी अँपच्या बाजूने काढा. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा. लाल टर्मिनलला जाणारी वायर सेलच्या अधिकला, दुसरी उणेला, नुसती टेकवायची आणि उचलायची, धरून ठेवायची नाही. टप् असा आवाज येईल. जाळी काढून वूफरकडे बघा, तो बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकर बाहेर यायला हवेत.

सप्तकी (इंदूर) | बुधवार, रात्री ११:५५

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते.

बाबांना स्टुलावर स्पीकरसमोर बसवलं, टॉर्च त्यांच्या हातात, मी मागे सेल घेऊन. उजवा: टप्, "बाहेर". परत टप्, "बाहेर". मग डावा. टप्. ते काहीच बोलले नाहीत. म्हटलं बाबा दिसलं का. म्हणाले, "परत कर." परत केलं. मग त्यांनी टॉर्च बंद केली आणि म्हणाले, "आत गेला गं."

वायरीचे दोन पदर सारखेच दिसतात, एकावर बारीक पांढरी रेघ. उजव्याला रेघवाला पदर लालला होता आणि डाव्याला काळ्याला. आणि मग दोघांना एकदमच आठवलं, चार वर्षांपूर्वी दिवाळीत हॉलला रंग दिला तेव्हा स्पीकर काढले होते आणि परत मीच लावले होते. डग्गा तेव्हापासून गेला होता. मला वाटायचं त्यांचे कान उतरले आणि त्यांना पण तसंच वाटायचं, फक्त दोघं बोललो नाही.

सब बंद ठेवून, नुसते स्पीकर लावून ऐकलं. अर्धाअधिक डग्गा तिथेच परत आला.

खर्जातला_सा (ग्वाल्हेर) | गुरुवार, सकाळी ६:५०

वाचून डोळे भरले, ताई.

आता सब कसा मिसळायचा ते सांगतो, माझं सगळं ऐकणं शास्त्रीयच आहे म्हणून त्याच हिशोबाने. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झ, पंचम १०४, आणि खर्ज ६९. डग्ग्याचा घुमार शंभरच्या आसपास आणि खाली. म्हणजे आपल्याला ३० हर्ट्झला भिंती हलवायच्या नाहीयेत, ६० ते १०० हा पट्टा स्वच्छ हवाय. तुमच्या ५ इंची वूफरला १०० सहज जमेल, ६० च्या आसपास तो दमेल. म्हणून सबचा क्रॉसओव्हर (सब ज्याच्या खालचेच स्वर घेतो ती हद्द) ६० ते ७० च्या मध्ये कुठेतरी ठेवा, त्याहून वर नेलात तर एकच स्वर दोघंही वाजवणार आणि तेच ते बुंबुं. मग सबवरचं फेजचं बटण, ० आणि १८० (सबचा कागद सुलटा हलावा की उलटा, विजेचा फेज नव्हे). एकसारखा ठेका लावा, कोणीतरी मागे बटण बदलत राहावं आणि बाबांनी खुर्चीवरून सांगावं कुठल्या बाजूला डग्गा भरतो. जो भरेल तोच बरोबर, पुस्तकात बघायचं नाही.

जागा. खोलीची लांबी फुटांत घ्या आणि ५६५ ला तिने भागा, त्या हर्ट्झला ती खोली स्वतःच घुमते. तुमची १४ फुटी बाजू ४० ला, १२ फुटी ४७ ला, छत ५६ ला. सब कोपऱ्यात ठेवला की या तिन्हींना एकदमच चेव येतो. सध्या कोपऱ्यात असेल तर तिथून काढा. उलटी युक्ती करा, सब बाबांच्या खुर्चीवर ठेवा, तानपुरा लावा आणि तुम्ही गुडघ्यांवर भिंतीभिंतीने फिरा, जिथे खर्ज आणि पंचम सारख्याच वजनाचे लागतील तिथे सब ठेवायचा.

विश्वामित्री (वडोदरा) | गुरुवार, सकाळी ९:३०

आणि तो रात्री झोपतो त्याचं राहिलंच. सबच्या मागे ऑटो आणि ऑन असं छोटं बटण असेल. ऑटोवर ठराविक सिग्नल आला नाही की तो बंद होतो, आणि हळू लावलेल्या विलंबितात स्पीकरच्या वायरीवर इतकं थोडं असतं की त्याला वाटतं गाणं संपलं. ऑनवर ठेवा, आणि ऐकून झालं की बोर्डाचं बटण बंद करा.

सप्तकी (इंदूर) | रविवार, रात्री ११:४०

सगळं केलं. गुडघ्यांवर फिरले, बाबांच्या खुर्चीवर दहा इंची सब बसलेला आणि बाबा शेजारी उभे राहून मला दिशा सांगून राहिले होते. जागा निघाली ती अगदी अनपेक्षित, उजव्या स्पीकरच्या आतल्या बाजूला, भिंतीपासून सव्वादोन फूट. क्रॉसओव्हर ६५ च्या आसपास, फेज १८०, आवाजाचं बटण पावच्याही खाली. ऑनवर ठेवलाय, आता झोपत नाही.

आज जेवण झाल्यावर अमीर खाँ साहेबांचा विलंबित झुमरा लावला, हळूच, रात्रीचाच आवाज. मी काही सांगितलं नाही. बाबांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता, बोटं मात्रा मोजत होती. आठव्या मात्रेला तिं पडला, डग्गा थांबला, आणि त्यांचा तळवा आपोआप उलटा झाला. नऊ, दहा, तसाच उलटा. अकराव्याला धिं आला, खालून, भरून, आणि हात परत पालथा पडला. चौदा मात्रांचं एक आवर्तन केवढं लांब असतं त्यांच्या विलंबितात, तुम्हाला माहीतच आहे. पुढच्याला पण तसंच. त्याच्या पुढच्याला पण.

अजून बसलेत. मी इथून लिहून राहिले आहे आणि हॉलमधून ऐकू येतंय.